पहारेकऱ्याची नऊ वर्षं

अहो नाही, खून इथं झालेला नाही — तो राणीचा खून आहे, सन चारशे बारा, बाजूलाच लिहिलंय बघा — गेममधला आहे हो, व्हिडिओ गेममधला! बसा, हवालदारसाहेब, बसा आधी, टोपी ठेवा तिथं. तुम्ही आलात राजसीच्या पासपोर्टच्या चौकशीला, आणि भिंतीवर हे लाल-निळ्या रेघांचं जंजाळ बघून तुमच्या कपाळाला आठ्या — बरोबर? कुणाच्याही पडतील. गॅसवाला तर सिलिंडर दारातच ठेवून पळाला. पाणी घ्या — जांभूळच्या पाणी केंद्रात काम काढलंय, नळ कोरडे आहेत आज अख्ख्या वेस्टला, पण पिण्याचं मी सकाळीच भरून ठेवलंय. मी शशिकांत, राजसीचा बाप. एकतीस वर्षं कारखान्यात प्लॅनिंग ऑफिसर. कुठला पार्ट, कुठल्या तारखेला, कुठल्या मशीनवर — हे भिंतीवर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. रिटायर झालो, मशीनं गेली, सवय कुठं जाणार?

तर गेम असा — नाही, ऐका, चौकशीत लागेल तुम्हाला. माझी मिसेस, कुमुदिनी, सहा वर्षांपूर्वी गेली. मी बोलणंच सोडून दिलं होतं. राजसीनं कॅम्प दोनच्या बाजारातून गेमचं सेकंडहँड मशीन आणलं, एक रिमोट माझ्या हातात दिला, म्हणाली, बाबा, बटण दाबा. दाबलं. तेव्हापासून दाबतोय. ब्रॅकनहोल्ड नावाचं राज्य, त्यात ड्रॅगन, चेटकिणी — ते सोडा. वेशीवर एक म्हातारा पहारेकरी, ओस्विक. त्याला एकच मुलगी. पहिल्या भागात काय — बाप साथीत मरतो, चारशे बारा साली, मग मुलगी घर सोडून लढाईला जाते. व्यवस्थित. बापच नाही तर थांबेल कशाला? यंदा तिसरा भाग आला, त्यात एक वही सापडते, आणि वहीत लिहिलंय मुलगी गेली चारशे तीनला! म्हणजे? म्हणजे बाप पुढं नऊ वर्षं जिवंत होता. एकटा! रोज उठा, वेस उघडा, वेस लावा, झोपा. नेटवर जगभर राडा झाला, साहेब. अर्धे म्हणाले, लेखकांनी माती खाल्ली — एका ब्राझीलवाल्यानं गेमची डिस्क तव्यावर भाजली आणि व्हिडिओ टाकला. अर्धे म्हणाले, असंच होतं पहिल्यापासून, तुमच्या डोक्यात शिरलं नाही. राजसी त्या दुसऱ्यांतली.

आणि मी? मी माती खाल्ली म्हणणाऱ्यांतला. उघड नाही हां — खोट्या नावानं. 'प्लॅनिंग बासष्ट'. ती तिच्या खोलीत, मी इथं सोफ्यावर, दोघं आपापल्या मोबाईलवर, मध्ये ही भिंत — एकेचाळीस दिवस भांडलो. तिला अजून माहीत नाही. जेवताना सांगायची, बाबा, एक खडूस माणूस हात धुऊन मागे लागलाय माझ्या. मी म्हणायचो, असतात काही काही, भाजी वाढ. माझा मुद्दा साधा होता. रात्री वेशीला कुलूप, चावी एकट्या ओस्विकच्या कमरेला. बाप जिवंत असेल तर मुलगी बाहेर पडलीच कशी? तारखा जुळत नाहीत, भाग मागे घ्या. तर तिनं लिहिलं — पाठच झालंय मला — 'चावी त्याच्याकडे होती, म्हणजे कुलूप त्यानंच उघडलं. लेखक चुकलेले नाहीत. तुम्हाला असा बाप सुचत नाही, एवढंच.' मला! मला सुचत नाही! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मी साथीच्या तारखा काढल्या, तिनं पहिल्या भागातली कुलपाची चित्रं काढली, मी पुन्हा लिहिलं, ती पुन्हा — हुशार आहे हो, फार हुशार आहे पोरगी. इतकी उत्तरं दिली तिनं मला, की ती वाचून गेम काढणाऱ्या कंपनीनंच तिला बोलावलं. पोलंडला. गेमच्या गोष्टी लिहायच्या, तारखा सांभाळायच्या — पर्मनंट नोकरी. म्हणजे नोकरी लावली कुणी? खडूस माणसानं!

काय? फाईलवर काय आहे? ...हो, ठाऊक आहे मला. 'अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही.' मागच्या महिन्यात आले होते ना तुमचे ते मिशीवाले. राजसी कामावर होती. तेव्हापासून बिचारी चकरा मारतेय, खुलासे देतेय, रोज तुमच्या खात्याच्या नावानं खडे फोडतेय. एक तारखेला तिथं हजर व्हायचंय, तोवर पासपोर्ट हातात नाही आला तर ते दुसऱ्याला घेणार, साफ सांगितलंय त्यांनी. — नको, शेजारच्या मोतीबाईंना नका विचारू. त्या काही बोलल्या नाहीत. त्या तर पोरीला लहानपणापासून खेळवतायत, त्या कशाला असं — मी बोललो. मी. दार उघडलं, त्यांनी विचारलं, राजसी इथं राहते का, आणि माझ्या तोंडून गेलं, नाही. ते म्हणाले, आपण कोण? म्हटलं, भाडेकरू. स्वतःच्या घरात, डोक्यावर स्वतःच्या नावाची पाटी! ते लिहून घेऊन गेले. मी कुकर लावला.

घाबरलो, साहेब. सरळ सांगतो, घाबरलो. ती गेली की या घरात बोलायचं कुणाशी — त्या गॅसवाल्याशी? तो तर थांबतही नाही. नऊ वर्षं म्हणजे तीन हजार दोनशे सत्त्याऐंशी दिवस होतात, मी काढलेत, चार्टवर खाली आहेत बघा. ओस्विकनं ते ढकलले कसे, हे कुणीच सांगत नाही. तिला विचारलं होतं मी, बासष्ट म्हणून. ती म्हणाली, ते त्यालाही आधी माहीत नसणार.

लिहा. पेन चालतंय ना? लिहा — 'मागील वेळी खोटी माहिती देणारा इसम अर्जदाराचा बाप आहे.' भाडेकरू खोडा. कारण? 'मुलगी जाईल म्हणून.' हसू नका, तसंच लिहा, मी खाली पूर्ण सही करतो. माझं काय करायचं ते करा, चौकीत बोलवा, उन्हात बसवा, तिच्या कागदाला डाग नको. आणि तुम्ही तिला काही सांगू नका — मी सांगतो, आज जेवताना. तो खडूस माणूसही मीच, हेही सांगतो. चार दिवस बोलणार नाही माझ्याशी. नाही तर नाही. आता आजची तारीख टाका, आणि त्याखाली, ठळक अक्षरात — राहते. राजसी इथंच राहते. अजून राहते. टाकलंत? मग निघा आता.