शहाणं बाळ

हॅलो?… हो, मीच. बोल धाकटे… अगं हळू, कान फाटेल माझा!… हो, हो, चांगला आहे नातू. धोका टळला, डॉक्टरीणबाई आत्ताच सांगून गेल्या. तुझ्या लग्नाच्या वर्षी मी पिवळं दुपटं शिवलं होतं ना? त्यातच गुंडाळलाय.

कुठून म्हणजे? दवाखान्याच्या जिन्यातून. आत पाटी आहे, फोनवर बोलू नये… वाचता येत नव्हतं तेव्हाच बरं होतं बघ!

अगं ऐक ना. साडेचार किलोचा गडी, बाहेर येताना खांदा अडकला. ओढताना हाड मोडलं… हो, ते तुला कळलंय. तेच तर! सगळ्यांचं लक्ष त्या हाडाकडे. आतला मार कुणाला दिसलाच नाही.

लेकीच्या सासूबाई म्हणतात, काय शहाणं बाळ, रडतच नाही! आमच्या घराण्यावर गेलाय!… मनात म्हटलं, तुमच्या घराण्यात गप्प कोण आहे?… हस, हस.

पण मी बघत होते. चार घोट प्यायचा की थांबायचा. ओठ काळपट. आणि कपाळावर घाम… हो ना, दूध पिताना घाम! तशीच नर्सला हाताला धरून आणली. तिनं नळी लावून ऐकलं, तर ठोके अगदी दबके, उशीखाली घड्याळ ठेवावं तसे.

मग छातीवर यंत्र फिरवलं. गरोदर बाईच्या पोटावर फिरवतात तसलंच, पण इवलंसं. हृदयाभोवती पिशवी असते म्हणे, तिच्यात रक्त साठलेलं. हृदयाला फुलायला जागाच नाही… नाही गं, चिरफाड नाही! सुईनं काढलं काल. दोन चमचे असेल-नसेल… आणि आज सकाळपासून पठ्ठ्यानं जो भोंगा लावलाय! विहीणबाई कानांवर हात ठेवून बसल्यात.

ऐकू येतंय ना? दार बंद आहे तरी! संपलं शहाणपण…

मला कसं कळलं?… तू नवी नवरी होतीस, तुला काय आठवणार. माझा पहिला. तोही असाच गप्प, कपाळावर घाम. मीच सगळ्यांना सांगत होते, माझं बाळ किती शहाणं… हो, दुपटं त्याचंच… रडत नाहीये मी. नाही, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाही. तुझ्या लग्नानंतर चौथ्या दिवशी, सकाळी, माझ्या मांडीवर गेला तो.

थांब, लेक हाक मारतेय. साहेबांना भूक लागली. ठेवते.