माळावरची अँटेना

कर्जतला रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

"शकू, पोशीरला आमच्या बौद्धवाडीत टीव्ही आलाय. मुंबई केंद्र साफ दिसतं."

"गावात पाटलांकडे पन हाय ना?"

"हाय, पन नुसत्या मुंग्या. गाव खाली, मधी टेकडी येते. अँटेना किती पन फिरवा."

"आनि तुमी माळावर."

"हा गं. गावानंच टाकलेलं आमाला त्या खडकावर. आता रविवारी पिक्चरला सगळं गाव वर चढतं."

"पाटलीन पन?"

"पुढंच बसते, आमच्या सतरंजीवर."

"चहा घेते तुमचा?"

"घेते. पयले आपला कप घरून आनायची."

"आनि आता?"

"गेल्या रविवारी इसरली. आमच्याच कपात प्याली."

"मग काय म्हनाली गं, मालन?"

"अजून अर्धा दे म्हनाली."