आईच्या बोटाची शाई

जात नाही हो! लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं, शेजारच्या सपनाचं नेलपॉलिश रिमूव्हर संपवलं... शाई काही जात नाही! आणि लावली कोणी? मीच! आईच्या बोटाला! मतदानाच्या आदल्या दिवशी!

तुम्हाला सांगतो, मी कलाकार माणूस. घाटकोपरला एका हॉलमध्ये माझं इन्स्टॉलेशन होतं. पुठ्ठ्याचं मतदान केंद्र, आत मशीन, मशीनवर उमेदवारच नाहीत, नुसते लाइकचे अंगठे! कुठलाही दाबा, बोटाला शाई, आरशात सेल्फी, चला बाहेर! म्हणजे काय, तर फोटो झाला की आपली लोकशाही झाली. कळलं ना? नाही? जाऊ द्या, तिथेही कोणाला नाही कळलं. लोक विचारायचे, "भाऊ, फ्री आहे ना?"

शाई मात्र अस्सल हवी, हा माझा हट्ट. केमिकलवाल्या हर्षदला म्हटलं, "यार, घासून हटता कामा नये." दिली ना त्याने! झकास दिली! जात नाही हो!

आणि आई आली. सगळा जन्म विक्रोळीच्या चाळीत गेला, पण एक निवडणूक चुकवली नाही बाईने. पोराचं कौतुक बघायला इस्त्रीची साडी नेसून आली, सवयीने डाव्या हाताचं बोट पुढे केलं, मी शाई लावली, फोटो काढून ग्रुपवर टाकला!

दुसऱ्या दिवशी सकाळी खऱ्या केंद्रावर साहेब म्हणतात, "आजी, तुमचं झालंय."

"नाय झाला ओ!"

"मग बोटाला काय आहे?"

मी म्हटलं, "सर, ती कला आहे."

"कला घरी ठेवा. पुढचे, या!"

बाकी शाईवाल्यांचं काय म्हणता? ते फोटो टाकून गोराईला गेले, सुट्टी होती ना! खरोखर मत द्यायला आली ती एकटी आई. पायरीवर बसून पदराने बोट घासत रडली हो. "मेल्या, काय लावलंस माझ्या बोटाक?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी तिचा फोटो प्रत्येक ग्रुपवर! 'आजींनी हक्क बजावला, तुम्ही?' उमेदवार शाल-नारळ घेऊन दारात! "आजी, तुमच्यामुळे लोकशाही टिकून आहे!" आई सांगायला तोंड उघडतेय, तोवर शाल अंगावर, फोटो, पुढचं घर!

मी पुन्हा लिंबू घेतलं. आईने हात मागे घेतला.

"ऱ्हवांदे रे झिला. फुडच्या टायमाक फोटोच घाल. माका थय केंद्रार चलत न्हेव नको."