मधल्या पत्र्यावरची थाप

मच्छिंद्र : ...भूतबीत काही नाही, ताई. मागच्या शेगडीच्या गॅसच्या टाकीची पट्टी! तिचा नट ढिला होता. गाडी उसळली की टाकी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या मधल्या पत्र्यावर आपटायची, आणि पुढे बसलेल्याला वाटायचं, मागून कुणी थाप मारली. टाकला आवळून.

राजनंदिनी : ऐकलंत, अण्णा? आईचं वर्षश्राद्ध उरकलं तरी ती थाप मारते म्हणून तुम्ही जिथे तिथे गाडी उभी करत होतात. ती गॅसची टाकी होती.

हिंदुराव : आवळायला कुनी सांगितलं हुतं?

मच्छिंद्र : घ्या आता! वारज्यात इतकी वर्षं गॅरेज चालवतोय, अण्णा. नट ढिला ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच.

राजनंदिनी : मी सांगितलं. परवा हडपसरच्या उड्डाणपुलावर मधोमध थांबलात. मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या मला फोनवर स्वच्छ ऐकू आल्या.

हिंदुराव : थाप आली की थांबायचं, असं ठरलं हुतं आमचं. समोरचा रस्ता बघितला की प्रेमलाला मळमळायचं. म्हनून तर मागं गादी, शेगडी, सगळा संसार करून दिला तिला.

राजनंदिनी : आणि ती असताना किती वेळा थांबलात? कणसं दिसली, थाप. देऊळ दिसलं, थाप. तुमचं आपलं एकच, 'पुढं बघू.' ती गेल्यावर एवढे आज्ञाधारक झालात!

हिंदुराव : बोल, बोल. तुला आईचीच जीभ हाय.

राजनंदिनी : छप्पर गळलं, तुम्ही दुरुस्त केलंत. दारं गंजली, तुम्ही रंगवलीत. मी उन्हाळी सुट्टीला लोणीच्या घरी आले, तर ती अर्धी तुम्ही ह्या गाडीखाली झोपून काढलीत, तरी मी काही बोलले? पण भर रस्त्यात थांबणार असाल तर गाडी विकायची. आवाज बंद झाला तर गाडी तुमची. झाला बंद. मग तोंड का असं?

हिंदुराव : नट मीच ढिला केला हुता.

मच्छिंद्र : तरीच! म्हटलं, इतक्या गंजलेल्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे कसे?

राजनंदिनी : तुम्ही? कशाला?

हिंदुराव : पट्टी घट्ट हुती तवाबी थाप यायची. पयल्यांदा दिवे घाटात आली. उतरून समदं तपासलं. टाकी, कपाट, शेगडी. कायबी हलत नव्हतं. तिची शाल गादीवर हुती तशी घडी घातलेली. घरी येस्तवर मागं बघायचं धाडस झालं न्हाई मला. मग पाना घेतला. म्हनलं, ह्या आवाजाला एक कारन तरी असू दे.

राजनंदिनी : म्हणजे टाकी वाजते हे माहीत असूनही थांबत होतात?

हिंदुराव : टाकीच असंल. पन एखाद्या वेळी नसली, तर?

राजनंदिनी : अण्णा, पुरे. आता पट्टी घट्ट आहे. मच्छिंद्र गाडी चालवतील, मी मागे बसते. डुक्करखिंडीपर्यंत जाऊन येऊ, म्हणजे तुमच्या मनातलं तरी जाईल. चला.

हिंदुराव : तुमी जा. मी हितंच बसतो.

(फेरी मारून राजनंदिनी आणि मच्छिंद्र परत येतात. हिंदुराव बाकावरच बसलेले.)

हिंदुराव : आली?

राजनंदिनी : नाही.

मच्छिंद्र : अहो, एकदा आली की! पुलाच्या अलीकडे. मी लगेच गाडी कडेला घेतली. अण्णा, तुमच्या लेकीचा हात चांगलाच जड आहे हं.

हिंदुराव : तू मारलीस?

राजनंदिनी : हो. मीच मारली.

हिंदुराव : कशापायी?

राजनंदिनी : उसाचा रस दिसला.

हिंदुराव : मग प्यालीस का?

राजनंदिनी : बर्फ फार घालत होता.

हिंदुराव : बघ, मच्छिंद्र! हुबेहूब आईवर गेलीय. गाडी थांबवायची, आन् खाली उतरून नाक मुरडायचं! आन ती चावी हिकडं. जरा आत बसून बघतो. मोकळं वाटंल. (पुढे गाडीत जाऊन बसतात.)

मच्छिंद्र : ...ताई.

राजनंदिनी : हळू बोला.

मच्छिंद्र : तिथे रसवाला कुठे होता? मी थांबलो तेव्हा तुम्हीच खिडकीतून विचारलंत, 'का थांबलात?' मला वाटलं, गंमत करताय.

राजनंदिनी : मी मागच्या दाराशी बसले होते. पत्र्यापर्यंत माझा हातही पोचला नसता.

मच्छिंद्र : आल्याआल्या पट्टी परत बघितली मी. तसूभर हललेली नाही. मग थाप कुणी—

राजनंदिनी : अण्णा आरशातून इकडेच बघतायत. हसा जरा.

मच्छिंद्र : हसतोय. पण ताई, आता करायचं काय?

राजनंदिनी : पाना घ्या, मच्छिंद्र. होता तेवढाच ढिला करा.