बीरप्पाला ठाऊक

सन्माननीय अध्यक्ष गुरुबसप्पा शेटजी, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आपण ज्यांना निरोप देण्यासाठी जमलो ते डॉक्टर केळशीकर, दवाखान्यातील कंपौंडर व इतर नोकर मंडळी, सात रस्त्यावरचे दुकानदार बंधू, आणि चिकाच्या पडद्यापलीकडे बसलेल्या भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. मी लोकल बोर्डाच्या कचेरीत कारकून आहे. दुसऱ्यांची भाषणे उतरवून घेणे हे माझे काम. अध्यक्षांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. तेवढी लागणार नाहीत असे मी त्यांना सांगितले होते, पण आता लागतील असे वाटते.

डॉक्टरांविषयी आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले. प्लेगाच्या दिवसांत ते सायकलवरून वस्त्यावस्त्यांत कसे फिरले, विणकरांच्या घरी औषध देताना तेलुगू शब्द कसे शिकले, हे आपण ऐकले. त्यांच्या तपकिरीच्या सवयीबद्दल कोणी बोलले नाही, तेही बरेच झाले. अण्णाराव वकिलांनी शेवटी सांगितले की डॉक्टरांचे निदान इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाही. त्यावर आपण टाळ्या वाजवल्या. तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. का पाहिले, ते सांगण्यासाठीच मी उभा आहे. त्यांची परवानगी मी कालच घेतली आहे.

नागव्वा ही माझी थोरली बहीण. आम्ही अक्कलकोटच्या बाजूचे धनगर. घरात कानडी बोलतो. तिचा नवरा मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गेला. पुढे एकवीस साली खानेसुमारी, म्हणजे सरकारी शिरगणती, आली. खानेसुमारीवाला तिच्या दारात आला तेव्हा मी सुट्टीवर तिच्याकडेच होतो. आमच्यात मेंढरांचा आणि लेकरांचा आकडा तोंडाने उच्चारत नाहीत. उच्चारला की त्यात खोट येते, असे मानतात. नागव्वा आकडा सांगेना. मी तिला म्हटले, सरकारी काम आहे, सांगून टाक. तिने सांगितला. पंधरा दिवसांत तिचा धाकटा मुलगा तापाने गेला.

त्यानंतर ती घर सोडून मेंढरांच्या वाड्यात राहू लागली. कोकरांशी बोलायची, माणसांशी बोलायची नाही. दोन महिने असे गेल्यावर तिच्या दिराने ती वेडी झाल्याचा अर्ज दिला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला दहा दिवस दवाखान्यात नजरेखाली ठेवायला सांगितले. डॉक्टर तेव्हा कोकणातून नुकतेच बदलून आले होते. त्यांना कानडी येत नव्हते. घरातला शिकलेला माणूस म्हणून दुभाष्याच्या कामाला मला बोलावले.

डॉक्टरांनी सौम्यपणे विचारले, बाई, तुम्हाला मुले किती? मी कानडीत विचारले. नागव्वा म्हणाली, "बीरप्पग गोत्तैति." म्हणजे, बीरप्पाला ठाऊक. बीरप्पा आमचा देव. मग डॉक्टरांनी विचारले, मेंढरे किती? पुन्हा तेच उत्तर. त्यांनी दोन्ही प्रश्न फिरवून फिरवून विचारले. ती माझ्याकडे पाहत तेवढेच म्हणत राहिली.

डॉक्टरांनी मला विचारले, "काय म्हणते आहे?"

मी म्हणालो, "माहीत नाही म्हणते, साहेब."

मला त्या वेळी बाविसावे वर्ष होते. अंगात नवा कोट होता. आमच्यातली ही रीत त्यांना सांगितली तर ते आम्हाला अडाणी म्हणतील, याची मला लाज वाटली. आणि खानेसुमारीच्या दिवसाची गोष्ट मला काढायची नव्हती.

वेडाच्या सर्टिफिकिटाच्या छापील कागदावर दोन जागा असतात. एक डॉक्टरने स्वतः पाहिलेल्या लक्षणांसाठी, दुसरी इतरांनी सांगितलेल्या लक्षणांसाठी. पहिल्या जागेत डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिले, त्याचा मतलब असा: स्वतःच्या मुलांची संख्या माहीत नाही, मेंढरांची संख्या माहीत नाही, बुद्धी मंद झाली आहे. खरे पाहता त्यांनी काय पाहिले होते? माझे तोंड हलताना पाहिले होते. ते सारे दुसऱ्या जागेत, माझ्या नावापुढे लिहायला हवे होते. दिराची हकीकत मात्र तिथे नीट लिहिली होती.

नागव्वाला वेड्यांच्या इस्पितळात पाठवले. चौदा महिन्यांनी ती तिथे आव लागून वारली. मला तिचे लुगडे आणि एक कार्ड परत मिळाले. कार्डावर तिच्या नावाखाली रोगाचे नाव होते.

तिची मुलगी कस्तुरा माझ्या घरी वाढली. ती लग्नाची झाली तेव्हा पाहुणे यायचे, गूळपाणी घ्यायचे, आणि गावात चौकशी झाली की निरोप यायचा, वेडीची पोर आमाला नको. तिसऱ्या वेळी मी डॉक्टरांकडे गेलो. मुलीच्या प्रकृतीचा दाखला द्या म्हणालो. ते म्हणाले, दाखला वाचणार कोण? मीच येतो. आणि चौथ्या पाहुण्यांच्या वेळी हे गृहस्थ खरोखरच आमच्या घोंगडीवर येऊन बसले.

मुलाचे वडील गुंडाप्पा. त्यांनी डॉक्टरांचे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "डाक्टरसायेब, तुमचं म्हननं खरं. पर मला माजं बगू द्या की." आणि कस्तुराला विचारले, "पोरी, तुज्या आज्याची मेंढरं किती हायती?"

कस्तुरा खाली पाहून म्हणाली, "बीरप्पग गोत्तैति."

डॉक्टरांनी हातातली तपकिरीची डबी खाली ठेवली. त्यांनी गुंडाप्पांना विचारले, ती काय म्हणाली? गुंडाप्पा हसले. "बीरप्पाला ठावं, म्हनली. आकडा बोलली असती तर उठलो असतो मी. पोर लई शानी हाय." आणि त्यांनी तिथेच सुपारी फोडली.

परतताना डॉक्टर सायकल हातात धरून चालत होते. सात रस्ता आला. मग त्यांनी विचारले, "तुमची बहीण त्या दिवशी हेच म्हणत होती ना?"

मी होय म्हणालो. आणि मी काय सांगितले होते, तेही म्हणालो. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "लेखणी माझ्या हातात होती. दुसऱ्या कोणाला मी विचारलेच नाही."

त्यांनी इस्पितळाला पत्र लिहिले. दोन स्मरणपत्रे गेली तेव्हा उत्तर आले: रुग्ण मयत असल्याने निदान बदलण्याचे प्रयोजन नाही. ते पत्र दाखवून डॉक्टर मला म्हणाले, "कागदावरचे आता माझ्याकडून पुसले जाणार नाही. माणसांतले तुम्हीच पुसा." याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून त्यांच्या वहीत रोग्याचे शब्द जसे उच्चारले तसे आधी लिहिलेले असतात, आणि स्वतःचे मत खाली. कंपौंडर मंडळींना याचा फार जाच झाला, हे मला ठाऊक आहे. नव्या डॉक्टरांनीही तो जाच चालू ठेवावा, अशी विनंती.

डॉक्टरांनी दिलेले काम मी मात्र दोन वर्षे केले नाही. उद्या सकाळच्या गाडीने ते जाणार, म्हणून आज करतो.

कस्तुरा पडद्यामागे बसली आहे. तिचे सासरे गुंडाप्पाही खाली तिसऱ्या रांगेत आहेत. कस्तुरा, हे मी तुला घरात सांगायला हवे होते. तुझ्या आईला दुःख फार झाले होते. पण तिला काय विचारले ते तिला समजले होते, आणि तिने बरोबर उत्तर दिले होते. चुकीचे उत्तर मी दिले.

डॉक्टरसाहेब, आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते मला समजत नाही. आपल्याला व बाईसाहेबांना गावी चांगले आरोग्य लाभो. अध्यक्षांचा वेळ मी ठरल्यापेक्षा जास्त घेतला. समारंभाला न शोभणारे काही बोललो असेन, तर आपण सर्वांनी ते पोटात घालावे. कस्तुराने घालावे असे मी म्हणत नाही. ते तिच्यावर आहे.

एक राहिले. फराळाच्या पानांसाठी चिटणिसांनी मघाशी मला विचारले, तुमच्या घरची लेकरे किती आली आहेत? आकडा मी सांगत नाही. पाने जरा जास्तच मांडावीत.