काळजाच्या आधी दात

माझं नाव कमल. माहेर मुखेडापासून आत, तवा बसमधून उतरलं की लई चालावं लागायचं, आता गेलाय म्हणे रस्ता घरापस्तोर. आम्ही जयभीमवाले, बापाचं एकच ध्यान, पोरी शिकल्या पाहिजेत. पर काय सांगू तुम्हाला ताई, मला लहानपणी ताप यायचा अन् सांधे सुजायचे, आज गुडघा तर उद्या मनगट, माय निरगुडीचा पाला गरम करून बांधायची, मी पडूनच. त्याच्यात शाळा सुटली. ताप गेला, सूज गेली, सगळे म्हणले पोरगी बरी झाली. आता डॉक्टर सांगतात की मावशी, त्याच तापानं तुमच्या काळजाची झडप खराब केली. एवढी वर्षं ते आतमधी तसंच व्हतं अन् मी आपली भाकरी थापायलेय.

भाकरी म्हणजे घरच्या न्हाई. लगीन होऊन किनवटला आले, मालक काविळीनं गेले, पदरात एक सुनंदा, मग मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. रानातल्या, तांड्यावरल्या पोरी, रात्रीला रडायच्या अन् सकाळी पोटभर जेवायच्या. सगळी जिंदगी तिथंच गेली. मंग गेल्या साली दम लागायला लागला. पीठ मळताना थांबावं लागायचं, पातेलं उचलताना थांबावं लागायचं, आडवं झालं की श्वासच पुरंना, भिंतीला टेकून झोपायचे. सुनंदा लातूरला दिलीय, ती आली अन् काही न ऐकता घेऊन गेली.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं मशीन छातीवर फिरवलं अन् म्हणला, मावशी, झडप बदलावी लागंल, छाती उघडून. सुनंदा तिथंच रडायली. मी वरी पंख्याकडं बघत बसले, पंख्याला जळमटं लागलेली व्हती. मला काहीच वाटलं न्हाई ताई, खरं सांगते, कुणी दुसऱ्याचंच सांगायलेत असं वाटलं. माय, कळलं का तुला, सुनंदा म्हणली. म्हणलं हाव, कळलं.

पर ऑपरेशन लगेच न्हाई करत. आधी फिटनेस लागतं, फिटनेस म्हणजे तुम्ही भूल झेलताल का, उठताल का परत, ते बघतात. रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. भूल देणाऱ्या मॅडम व्हत्या, नरम बोलायच्या, त्यांनी तोंड उघडायला लावलं अन् म्हणल्या, मिश्री लावता का? म्हणलं हाव. म्हणल्या, आजपासून बंद. अन् ह्या हिरड्यांत पू आहे, नवी झडप बसवली अन् हा पू रक्तातून तिथं गेला तर सगळं वाया जाईल, दात काढा मगच फिटनेस देते. काळजाचं दुखणं अन् दात काढायचे, मला वाटलं बाई चुकली. पर न्हाई चुकली.

खालचे जवळजवळ सगळे गेले, वरचेबी काही. एका दिवशी न्हाई काढले, रक्त थांबायला पाहिजे म्हणून थोडे थोडे, तेबी काळजाच्या डॉक्टरला इचारून. सुई टोचली की ओठ बधिर व्हायचा, मग नुसतं कर्रकर्र ऐकू यायचं, दुखायचं न्हाई. जावाई भले माणूस, तेच न्यायचे-आणायचे. घरी आले तर नात माझ्याकडं येईना, आजी न्हाई म्हणली, दुसरी बाई हाय. मी म्हणलं बरं, अन् पेज पिऊन बसले.

दवाखान्यातच गंगव्वा भेटली. देगलूरच्या पल्याडची, कर्नाटकाच्या शिवंवरली, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणार. तिलाबी झडपच बदलायची, तिलाबी आधी फिटनेस आणा म्हणून सांगितलेलं. आम्हाला एक डबी दिलेली, त्यात तीन गोळे, नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, गोळे वर गेले पाहिजेत. गंगव्वा ओढायची अन् हसायची, अक्का, तिसरा उठलाच न्हाई बघ, लई आळशी हाय. पुन्हा ओढायची. डॉक्टरनं सांगितलेलं की रोज जरा चाला, सपाटीवर, दम लागायच्या आधीच थांबा, तर तपासणीला आलो की हातात हात घालून दवाखान्याच्या अंगणात चालायचो. ती बोलायची, मी ऐकायचे. तिनं सगळं मन लावून केलं. तंबाखू सोडली, साखर आवरली, गोळ्या वक्ताला घेतल्या. मी केलं कारण सांगितलं म्हणून केलं.

दोघींना एकाच दिवशी फिटनेस मिळालं. मॅडम हसून म्हणल्या, झालं, आता भरती व्हा. सुनंदानं हात जोडले. गंगव्वा मात्र उठली, पिशवी घेतली अन् लेकाला म्हणली, चल गावाला. लेक म्हणला, अव्वा, आता तर मिळालं की. ती म्हणली, बेडा. बेडा म्हणजे नको. नातीचं लगीन हाय, ते बघायचं हाय मला, ह्या दारातून आत गेले अन् नाही आले तर? मॅडमनं लई समजावलं, लग्नापस्तोर तब्येत बिघडंल म्हणल्या, डॉक्टर आले, लेक रडला. बेडा, बेडा, एकच. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवला अन् म्हणली, अक्का, तू कशी बसलीस एवढी गप?

मी गेले आत. सकाळचा वक्त व्हता, आत लई गार व्हतं, अंगावर हिरवी चादर. मॅडम म्हणल्या, मावशी, भ्या वाटतंय का? म्हणलं न्हाई. अन् खरंच वाटत नव्हतं. मग काही ठाव न्हाई. डोळे उघडले तर घशात नळी, हात बांधलेले, अन् काचंच्या पल्याड सुनंदा. ती हसायलीय का रडायलीय ते समजलं न्हाई. लोकं म्हणतात दुसरा जन्म झाला तुमचा. असंल. पहिल्यावानीच उठते, गोळ्या घेते, रक्त पातळ ठेवायची गोळी तर जिंदगीभर हाय, चालते, बसते. आता पाठीवर झोपता येतं, तेवढं खरं. वसतिगृहात दुसरी बाई लागली. पोरी फोन करतात, भाकरी जाड करती म्हणतात ती.

परवा गंगव्वाचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला, दोन शब्द बोलली की थांबायची. नातीचं लगीन झालं म्हणली, थाटात झालं, मी खुर्चीवर बसून अक्षता टाकल्या. म्हणलं लई चांगलं झालं. मग म्हणली, अक्का, दुखलं का गं? म्हणलं, नंतर दुखतं, खोकलं की दुखतं, उशी छातीला धरून खोकायचं. म्हणली, भ्या वाटलं? म्हणलं न्हाई. म्हणली, मग गेलीस कशी? म्हणलं, कुणी थांबवलं न्हाई म्हणून गेले. फोनमधी नुसता तिचा दम ऐकू यायला. मग म्हणली, लेकानं डॉक्टरला इचारलं, परत सगळं तपासतो म्हणले, पयल्यापासून. येऊ का?

मी म्हणलं ये. सुनंदाच्या घरी उतर, मी चालंन तुझ्यासंगं.

सोमवारी येयलीय. आता मॅडम काय म्हणतेत कुणाला ठाव, तब्येत पार उतरलीय तिची, फिटनेस मिळंल न मिळंल. फोन ठेवला अन् उशी छातीला धरून बसले. सुनंदा म्हणली माय, दुखतंय का? म्हणलं न्हाई. तुम्ही लिवायलाच लागलाव ताई तर हेबी लिवा, देव नका घालू त्याच्यात, माझं मीच सांगायलेय. तुमचं, तुमच्या लेकराबाळांचं समदं धड राहो. मला टेबलावर जाताना भ्या वाटलं न्हाई, दात गेले तवा न्हाई, छाती उघडली तवा न्हाई. ते आता वाटायलंय, गंगव्वासाठी.