ॲसिटोनने पुसलेली दोन हजार नावं

मी झौया बिन्ती मत देसा, वय ५८ वर्षे, धंदा नोकरी (आलेल्या मालाची तपासनीस), राहणार ब्लॉक सी, सुंगाई निबाँग, पेनांग, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असे:

डायलिसिस यंत्रांचे सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात मी सहा वर्षे आहे. त्याआधी चोवीस वर्षे चिपांच्या कारखान्यात, लेसरने चिपांवर नाव कोरायच्या यंत्रावर होते. खरेदी विभागाचे साहेब खोर सेंग कियात यांनी माझ्यावर मालाची नासधूस केल्याची फिर्याद दिली आहे. माल मीच भिजवला. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मंगळवारी सकाळी साडेनऊला दोन हजार चिपांचं रीळ माझ्या टेबलावर आलं. चिप नखाएवढी. काम एकच, बोर्डाच्या दोन भागांत निरोपांची ने-आण करायची, तीही तीन-साडेतीन व्होल्टांच्या कमी दाबावर. पाच व्होल्टवाल्या जुन्या चिपा दिसायला अगदी तशाच. कमी दाबावर त्या थोडा वेळ चालतात, मग निरोप गाळायला लागतात.

चिपांवर माझ्याच जुन्या कारखान्याचं चिन्ह होतं आणि तारीख होती २०१४, आठवडा एकतिसावा. त्या आठवड्यात ईद होती. आमचं यंत्र बंद होतं आणि किल्ली माझ्या पिशवीत होती. मोख्तारची, माझ्या नवऱ्याची, ती शेवटची ईद. तोही डायलिसिसवर होता. हे लिहू नका.

कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून मी एक चिप पुसली. नाव बोळ्यावर आलं. खाली जुनं नाव घासून काढल्याचे ओरखडे होते. मी तडक साहेबांकडे गेले.

"काक, टेस्टला पास झाल्यात ना? मग कशाला डोकं खाताय?" साहेब म्हणाले. काक म्हणजे ताई. मान देऊन झटकायची त्यांची रीत आहे.

"टेस्ट दहा सेकंदांची. माणूस चार तास जोडलेला असतो," मी म्हटलं.

"अहो, तुम्ही तपासनीस आहात, ज्योतिषी नाही! नेलपॉलिश काढायची हौस घरी भागवा."

बाजूचे दोघे फिदीफिदी हसले. साहेब चौतीस वर्षांचे असून त्यांनी परदेशातून पदवी आणलेली आहे. चिपेची पाठ कुठली नि पोट कुठलं, हे त्यांना चित्र बघून कळतं.

मी 'नापास' शेरा मारला होता. तो खोडून त्यांनी 'पास' लिहिलं, वर सही ठोकली. बुधवारी सकाळी आठला चिपा बोर्डांवर चढणार होत्या.

दुपारी एकला साहेब नासी कंदार खायला गेले. मी रीळ उलगडून सगळ्या चिपा स्टीलच्या भांड्यात ओतल्या, बुडतील इतकं ॲसिटोन घातलं, झाकण ठेवलं आणि बाहेर जाऊन माझा डबा खाल्ला. दीड वाजता दोन हजारांतल्या एकीवरही नाव नव्हतं.

पश्चात्ताप होतो का, असं सार्जंटसाहेबांनी विचारलं. होतो. साडेनऊलाच भिजवायला हवं होतं.

'आरोपी बाईने दोन हजार अस्सल चिपांवरची नावं पुसली,' असं खोरसाहेबांनी फिर्यादीत स्वतःच्या सहीने लिहिलं आहे. त्यातलं एक अक्षर त्यांना बदलू देऊ नका. अस्सल चिपेवरचं कोरलेलं नाव ॲसिटोनने जात नाही. चोवीस वर्षांत मी कोरलेलं एकही गेलं नाही.

जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, सांगितला तसाच उतरला आहे. मोख्तारचं लिहू नका म्हटलं होतं, तेही उतरलंय. असू द्या. सही करते.